भिरंडं

सावईवेऱ्याच्या बसमधून मी उतरले
ती भांडायलाच.
पर्समध्ये साईशचं लायसन्स होतं,
एका कोपऱ्यात प्लास्टिक सुटलेलं.
बाणस्तारीच्या पुलाअलीकडे
पोलिसांनी ते माझ्या हातात उलटं दिलं होतं.
मी सुलटं करून पाहिलं. त्यात तो हसत नव्हता.
लायसन्सवर हसायचं नसतं, म्हणाला होता.

मठ म्हणजे काय, चार खांब, मंगलोरी कौलं,
मागे कुळागर,
आणि मास्तर.
आम्ही त्यांना गुरू मानतो,
ते स्वतःला अजून
मराठी शाळेचे निवृत्त मास्तर मानतात.
पाया पडायला वाकलं की
आधी विचारतात, 'पेज जेवलीस?'

त्या दिवशी मी वाकले नाही.
उभ्यानेच म्हटलं,
चवथीच्या आदल्या दिवशी तो आला होता
नवी गाडी घेऊन.
चाकाखाली लिंबू नको म्हणालात,
त्याच्या डोक्यावर हात ठेवलात.
ठेवला होता ना?

मास्तरांच्या कानातलं यंत्र बारीक शिटी घालत होतं.
त्यांनी ते काढलं, धोतराला पुसलं, परत घातलं.
'ठेवला होता,' म्हणाले.

पुढे काहीच नाही.
मी थांबले. मला माहीत होतं काय काय येईल:
प्रारब्ध, जुनी वस्त्रं, नवी वस्त्रं,
देवालाही चांगली माणसं लागतात.
बाराव्याला आलेल्यांनी हे सगळं
चपलांसारखं माझ्या दारात काढून ठेवलं
आणि जाताना नेलं नाही.

मास्तरांकडे त्यातलं काही नव्हतं.
हात तेवढा मांडीवर उताणा पडलेला.
तोच हात.
त्याच्याकडे ते बघत होते
बशी फुटल्यावर पोर बघतं तसे.

बऱ्याच वेळाने म्हणाले, 'बस गो बायो.
पाऊस चार दिसांवर आलाय.
भिरंडं राहिली तर कुजतील.'
आणि विळी माझ्याकडे सरकवली.

किती फोडली ठाऊक नाही.
साल सुपात, बी टोपात,
रस परातीत.
मनगटापर्यंत हात लाल झाले
आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच
लाल रंगाला मी घाबरले नाही.
मधे कधीतरी मी रडत होते, मोठ्याने,
पाडेली पोफळीवरून वाकून बघेल इतकं.
मास्तर थांबले नाहीत.
फक्त त्यांनी टोपली
माझ्या बाजूला जराशी कलती केली,
भिरंडं हाताला यावीत म्हणून.

निघताना केळीच्या पानात
भिरंडेलाचा गोळा बांधून दिला.
'टाचा बघ तुझ्या,' म्हणाले.
मी खाली बघितलं. खरंच फुटल्या होत्या.
कधीपासून, कोण जाणे.

घरी उमाकांत
आवाज बंद करून बातम्या बघत होता.
आमच्याकडे आता टीव्ही असाच असतो.
'काय म्हणाले मास्तर?'
मी सांगितलं, पाऊस येतोय म्हणाले.
तो पडद्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला,
'पुढच्या गुरुवारी मीही येतो.'
आला नाही. पण माझ्या टाचांना भिरंडेल
तोच लावतो, रात्री, दिवा न लावता.

काल गेले तर मास्तर झोपलेले,
चटईवर, भिंतीकडे तोंड करून.
कानातलं यंत्र वाटीत काढून ठेवलेलं.
मी त्यांच्या पाठीशी बसले
आणि साईशचं सगळं सांगितलं.
शाळेत घातला तो दिवस. चोरून प्यायलेली बिअर.
शेवटच्या सकाळी
त्याला मी जे बोलले, तेही,
उमाकांतलासुद्धा ठाऊक नसलेलं.

पाठ वरखाली होत होती, संथ.

चार-दहाची बस मी जाऊ दिली.
पुढची पावणेसहाला असते.